तक्रारीच्या पत्रातलं सर्व क्षेम

मी तोंडाची फटकळ आहे. हे मीच सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्या कोणाला कष्ट नकोत. पण कागदावर मात्र मी कधी कोणाला वावगा शब्द लिहिलेला नाही. माझे वडील पुण्यात शाळेत मराठी शिकवायचे आणि पत्रलेखनाचा तास त्यांना जीव की प्राण. आधी नमस्कार, मग इकडील सर्व क्षेम, मग समोरच्याची विचारपूस, मग कुठे आपलं रडगाणं, आणि शेवटी लोभ असावा ही विनंती. रागाचं पत्र तर दुप्पट अदबीनं लिहायचं, असं ते आम्हाला बजावायचे. ते वळण माझ्या हाडीमाशी मुरलं होतं, आणि जर्मनीत जाऊनही ते काही सुटलं नाही.

बर्लिनची भिंत उभी राहिली त्याच्या पुढच्या वर्षीची ही हकीकत. आम्ही तेव्हा स्टुटगार्टला होतो. हे तिथल्या तंत्रविद्यापीठात डॉक्टरेट करत होते आणि तिथल्याच प्रयोगशाळेत यांना पगारी कामही होतं. एका विधवा बाईंच्या घरात वरच्या मजल्यावर दोन खोल्या होत्या आमच्या. आम्हाला एकच मुलगी, चार वर्षांची. वसंतात किंडरगार्टनमध्ये मुलांची तपासणी झाली. हिच्या दंडावर टोचलेली जागा लाल होऊन फुगली, मग छातीचा फोटो काढला, आणि क्षयाची लागण निघाली. लागण पहिल्या पायरीवर आहे, औषधं आहेत, मुलगी ठणठणीत बरी होईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण तिला श्वार्त्सवाल्डच्या डोंगरात मुलांच्या आरोग्यधामात ठेवावं लागणार होतं. नऊ महिने, कदाचित वर्ष. आईवडिलांनी भेटायचं ते एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी, दुपारी दोन ते चार.

आमच्या मुलीचं तोंड दिवसभर चालायचं. त्या बाबतीत ती माझ्यावर गेली होती. चमच्याशी बोलायची, बुटांशी बोलायची, मोरीतल्या पाण्याशी बोलायची, आणि सगळं मराठीत. जर्मन तिला येत होतं ते किंडरगार्टनपुरतं. तिला तिथे ठेवून परत येताना मला भीती आजाराची नव्हती. तिथे एकालाही मराठीचा म येत नव्हता. पंधरा दिवसांतून दोन तास, तेवढीच तिची मराठी आणि तेवढीच मी. चार वर्षांच्या पोरीच्या लक्षात काय राहतं? ते दोन तास चुकवायचे नाहीत, एवढी एकच गोष्ट माझ्या हातात होती.

आणि तीच जमेना. रविवारची पहिली आगगाडी पकडली तरी डोंगराखालच्या गावात पोचायला दुपारचा एक वाजायचा. तिथून वर अकरा किलोमीटर. रविवारी बस नाही. गावात एकच टॅक्सी, आणि तिचा मालक चर्चमधून जो थेट गुत्त्यात जायचा तो संध्याकाळपर्यंत उठायचा नाही. आम्ही चालत जायचो. मी नऊवारीवाल्या घरातली पाचवारी नेसणारी, वर ओव्हरकोट, पायात घरमालकीणबाईंनी दिलेले त्यांचे जुने बूट. पावणेचारला पोचलो की पंधरा मिनिटं भेट. तिला मांडीवर घ्यावं, तिनं दोन गोष्टी सांगायला सुरुवात करावी, की घंटा.

म्हणून आम्ही गाडी घेतली. भारतात फेरी मारण्यासाठी साठवलेलं सगळं तिच्यात घातलं. छोटीशी, फिकट निळी, इंजिन मागच्या बाजूला. विक्रेत्यानं सहा महिन्यांची गॅरंटी दिली. दमदार इंजिन, पक्का माल, तुम्ही डोळे मिटून जा, असं म्हणाला. यांनी आधीच परवाना काढून ठेवला होता. पहिल्या रविवारी आम्ही पावणेदोनला दारात हजर. मुलगी धावत आली आणि तिनं गाडीला हात लावून विचारलं, "ही आपली?" त्या दिवशी पूर्ण दोन तास तिनं मला बोलू दिलं नाही. मला वाटलं, जिंकलं.

दुसऱ्या वेळी अर्ध्या घाटात गाडी बंद पडली. ऊन होतं, चढ होता. यांनी मागचं झाकण उघडलं, इकडे बघितलं, तिकडे बघितलं. अर्ध्या तासानं इंजिन गार झालं आणि गाडी अशी सुरू झाली की जसं काही घडलंच नाही. पुन्हा दोन किलोमीटर, पुन्हा बंद. आम्ही साडेतीनला पोचलो. त्यापुढे उन्हाळाभर हेच. सपाटीवर मुकाट चालायची, घाट आला की दगा. एकदा तर चार वाजून गेल्यावर पोचलो आणि दारातूनच परत फिरलो. मी रस्त्याच्या कडेला बसून त्या गाडीला जे काही मराठी ऐकवलंय ते लिहिण्यासारखं नाही. हे बिचारे म्हणायचे, अगं, तिला कळत नाही. मी म्हणायची, तुम्हाला तरी कळतंय का?

विक्रेत्याच्या वर्कशॉपचा माइस्टर, म्हणजे मुख्य मेकॅनिक, भला माणूस होता. मुलीची चौकशी करायचा, बसायला खुर्ची द्यायचा, कॉफी द्यायचा. गाडी ठेवून घ्यायचा, गावातून चक्कर मारायचा, आणि म्हणायचा की मला तर काही सापडत नाही. एकदा पेट्रोलचा पंप बदलला, एकदा कॉइल. प्रत्येक वेळी हे त्याचे आभार मानायचे आणि वर म्हणायचे, कदाचित आमचीच चालवण्यात काही चूक होत असेल. स्वतः यंत्रांचा अभ्यास करणारा माणूस! मी कोपरानं ढोसायची, पण खुर्ची आणि कॉफी दिलेल्या माणसाला तोंडावर नावं ठेवणं यांच्या जिवावर यायचं.

मग मी म्हटलं, लेखी तक्रार करू या. इथे लेखी असल्याशिवाय काही हलत नाही. पत्र मी सांगणार, हे भाषांतर करणार. मी टेबलाशी बसले आणि वडिलांनी शिकवलं तसं मन लावून सांगितलं. आपल्याला सादर नमस्कार. इकडील सर्व क्षेम. आपल्या वर्कशॉपमधील मंडळींच्या आदरातिथ्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. विनंती विशेष, की घाटात गाडी मधूनमधून थांबते, तरी सवडीनं लक्ष घालावं. लोभ आहे, तो वाढावा. यांचं जर्मन प्रयोगशाळेतलं, म्हणजे एका शब्दाला एक शब्द. सर्व क्षेमचं यांनी केलं, हिअर इस्ट आलेस इन बेस्टर ओर्डनुंग, इथे सगळं अगदी उत्तम आहे. जुलैत एक पत्र गेलं, ऑगस्टअखेर एक, ऑक्टोबरात एक. तिसऱ्या वेळी माझं डोकं इतकं फिरलं होतं की मी नमस्काराच्या जागी सादर प्रणाम घातला.

तोवर मुलगी बदलत चालली होती. ऑगस्टमध्ये ती पाण्याला वासर म्हणाली, त्याचं आम्हाला कौतुकच वाटलं. ऑक्टोबरात मी मराठीत विचारायची आणि ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची. मी म्हणायची, मराठीत सांग ना गं. ती थांबायची, शब्द शोधायची, सापडला नाही की माझ्या कोटाच्या बटणाशी खेळायला लागायची. तिची बडबड कमी झाली होती. घरी आईला मी लिहिलं, इकडील सर्व क्षेम, मुलगी चारचौघांत मिसळून छान जर्मन बोलते. आरोग्यधामाचं नावसुद्धा मी घरी कळू दिलं नव्हतं.

नोव्हेंबरात घरमालकीणबाईंनी जिन्यात मला रडताना पकडलं. सगळं ऐकून घेतलं आणि त्या माझ्यावरच उखडल्या. रडताय काय, म्हणाल्या, कायदा कशासाठी आहे? दुसऱ्याच दिवशी त्या आम्हाला त्यांच्या ओळखीच्या वकिलाकडे घेऊन गेल्या.

वकिलांनी नीट समजावून सांगितलं. करारातल्या बारीक अक्षरांत लिहिलं होतं की गाडीत दोष निघाला तर विक्रेता ती फक्त दुरुस्त करून देईल, बाकी काही मागायचं नाही. पण दुरुस्ती पुन्हा पुन्हा फसत असेल तर गिऱ्हाइकाला जन्मभर त्याच दारात उभं करता येत नाही. मग कायद्यानं दोन रस्ते. एक, किमतीत सूट घेऊन तीच गाडी ठेवायची. दुसरा, वांडलुंग. म्हणजे गाडी त्यांना परत, पैसे आपल्याला परत, व्यवहार झालाच नव्हता असं धरायचं. हे सगळं गाडी मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आत मागायला हवं. आमचे तीन आठवडे उरले होते. मला तो दुसरा रस्ता एकदम पटला. पैसे परत आले की दुसरी धड गाडी घेऊ, आणि मग एकही रविवार बुडणार नाही.

आमची तीन पत्रं वाचताना मात्र वकिलांच्या कपाळाला आठी पडली. ही पत्रं त्रास देतील, पण बघू, असं म्हणाले. आणि निघताना त्यांनी बजावलं, "आजपासून गाडी चालवायची नाही. एकदासुद्धा नाही. गाडी परत घ्या म्हणायचं आणि तीच वापरत राहायचं, हे न्यायाधीशांना चालत नाही. तुमचा हक्कच जाईल."

वकिलांनी वांडलुंगचा दावा लावला आणि गाडी अंगणात उभी राहिली. दोन महिन्यांत निकाल लागेल असा अंदाज होता. दोन महिने कळ काढायची, असं मी यांना बजावलं. आम्ही पुन्हा आगगाडी आणि पायपीट सुरू केली. आता बर्फ पडलं होतं. अकरा किलोमीटरांना अडीच तासांच्या जागी तीन लागायचे. डिसेंबरात एकदा जेमतेम पाच मिनिटं मिळाली. एकदा पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते.

जानेवारीत तिचा पाचवा वाढदिवस नेमका भेटीच्या रविवारी आला. मी रव्याचे लाडू केले होते. खोबरं कुठलं मिळायला, पण बेदाणे घातले होते. सकाळी हे कोट घालून खाली गेले आणि वर आले ते गाडीची किल्ली हातात घेऊन.

"अगं, आज गाडी काढू," म्हणाले. "ती तापली की बंद पडते ना? या थंडीत तापणारच नाही. आज नक्की पोचू."

"आणि कोणी पाहिलं तर?"

"कोण बघतंय? बघितलं तर बघितलं. पोरीचा वाढदिवस आहे."

मी नाही म्हटलं. नुसतं नाही म्हटलं नाही, चांगलं फैलावर घेतलं यांना. सहा महिने त्या माइस्टरचे आभार मानत बसलात म्हणून ही पाळी आली, आता खटला हाताशी आला तर तोही घालवा, असं सगळं बोलले. त्या क्षणी मला मुलीपेक्षा तो खटला जास्त दिसत होता. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली. यांनी किल्ली खुंटीला अडकवली आणि आम्ही स्टेशनवर गेलो.

वर पोचलो तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. नियम म्हणजे नियम. वॉर्डची सिस्टर बाहेर आली, तिलाही वाईट वाटलं असावं. मुलगी साडेतीनपर्यंत खिडकीशी उभी होती, मग खेळायला गेली, असं तिनं सांगितलं. लाडवांचा डबा तिनं घेतला नाही, बाहेरचं खाणं चालत नव्हतं. उतरताना अंधारून आलं होतं. खालच्या स्टेशनवर हे बाकावर बसले, डबा उघडला आणि एक लाडू खाल्ला. मला इतकी चीड आली यांची. आणि मग मीही एक खाल्ला, कारण सकाळपासून पोटात काही नव्हतं.

त्यानंतर आरोग्यधामात गोवराची साथ आली आणि भेटी बंद झाल्या.

फेब्रुवारीत खटला उभा राहिला. छोटंसं कोर्ट होतं, शाळेच्या वर्गाएवढं. न्यायाधीश वयस्कर होते, त्यांची एक बाही रिकामी होती आणि पिननं कोटाला टाचलेली होती. माइस्टरनं साक्ष दिली. तो खोटं काही बोलला नाही. गाडी माझ्यासमोर कधी बंद पडली नाही, असं तो म्हणाला, आणि हे साहेब दर वेळी आभार मानून जायचे. हे खरंच होतं. मग न्यायाधीशांनी आमची पत्रं पुढे ओढली. लोभ वाढावा या वाक्यापाशी ते थांबले, त्यांनी ते दोनदा वाचलं, आणि विक्रेत्याचा वकील हसला. न्यायाधीश हसले नाहीत. पत्रं कोणाची, असं त्यांनी विचारलं. मी उभी राहिले. मजकूर मी सांगितला, यांनी भाषांतर केलं, असं म्हटलं.

"तीनही पत्रांत नमस्कारानंतरचं पहिलं वाक्य एकच आहे," ते म्हणाले. "इथे सगळं अगदी उत्तम आहे. बाई, तेव्हा गाडी चालत होती की नव्हती?"

"नव्हती."

"मग असं का लिहिलंत?"

"आमच्याकडे पत्र असंच सुरू करतात."

त्यांनी चष्मा काढला. आवाज चढवला नाही, उलट खालीच आणला.

"सगळं उत्तम नसलं तरी?"

आदल्याच आठवड्यात मी आईला पत्र टाकलं होतं, आणि त्यातही तेच लिहिलं होतं. मी खाली बसले. यांनी माझ्या हातावर हात ठेवला, तो मी काढून टाकला.

निकाल टपालानं आला. दोष वेळेत आणि स्पष्ट शब्दांत कळवला होता हे सिद्ध होत नाही, सबब दावा फेटाळला. वर दाद मागता येईल, असं वकील म्हणाले. पुरे, असं मी म्हटलं. गाडी आमचीच राहिली.

मार्चअखेर आरोग्यधामाचं पत्र आलं. मुलगी बरी झाली होती, वजन वाढलं होतं, घेऊन जावं. कोणता वार, कोणती वेळ, काही अट नव्हती. आम्ही सकाळीच निघालो. हवा गार होती, कडेला बर्फाचे ढीग अजून होते. घाट लागला तशी मी दाराची मूठ गच्च धरली. गाडी एकदाही थांबली नाही. वळणामागून वळण घेत ती सरळ वर गेली आणि वीस मिनिटांत आम्ही दारात उभे. म्हणजे त्या दिवशीही गेली असती. डिसेंबरात गेली असती, जानेवारीत गेली असती. यांनी तसं म्हटलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं.

आम्हाला ओसरीसारख्या एका लांब खोलीत बसवलं. सिस्टर मुलीचा हात धरून आली. किती उंच झाली होती! वेण्या कापल्या होत्या, कानाशी सरळ केस. गालांवर लाली होती, अशी लाली तिला कधीच नव्हती. मी खुर्चीवरून उठले. ती धावत येईल म्हणून मी हात पसरलेसुद्धा.

ती माझ्यापासून दोन पावलांवर थांबली. उजवा हात पुढे केला, एक पाय मागे घेऊन गुडघा किंचित वाकवला, तिथे पाहुण्याबाईंना नमस्कार करायला मुलींना शिकवतात तसा, आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "गुटन टाग."

मी खाली बसले, तिच्या तोंडासमोर तोंड आणलं. "बाळा, मी आई," मी म्हटलं. "चल, आपण घरी जायचं."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. मग मान वर करून सिस्टरला जर्मनमध्ये विचारलं, ही काय म्हणते आहे?

सिस्टरला तरी काय माहीत. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग मी तेच जर्मनमध्ये सांगितलं.